बोटीवर कोण कोण आहे

तुम्ही हसता ना, की आमच्या प्रोग्रामिंग क्लबने समाजसेवा म्हणून केलं काय, तर नुसती नावांची यादी? मग ऐका.

मी दिल्लीहून शिकून नुकताच रत्नागिरीत परतलो होतो. सायलीच्या घरी क्लबची बैठक होती आणि मी तावातावाने सांगत होतो, "मासळी कुठे मिळेल ते सांगणारं ॲप करू. मच्छीमारांचं आयुष्य बदलेल!"

चहा देता देता सायलीच्या मावशी थांबल्या. त्या नाटे या मच्छीमारांच्या गावच्या. "दर्यात रेंज असते काय रे बाबा?"

सगळे हसले. मी जरा चिडूनच म्हटलं, "मग तुम्हीच सांगा मावशी, काय करू?"

"बोटीवर कोण कोण चढलं, ते किनाऱ्यावर लिहून ठेवता येईल?"

"एवढंच?"

"एक खलाशी आजारी पडला, म्हणून आमचे हे ऐनवेळी त्याच्या जागी गेले. घरातून निघाले होते बाजाराला. बोट बुडाली. हे बोटीवर होते, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. दोन दिवस मी त्यांचं जेवण झाकून ठेवत होते."

मतदान घ्यायची गरजच पडली नाही.

आठवड्यात ॲप तयार झालं. मावशींना म्हटलं, "चाचणीसाठी कुठलंही नाव टाका." त्यांनी एकेक अक्षर शोधून नवऱ्याचं नाव टाकलं.

ॲप सुरू करण्याआधी चाचणीची नावं पुसायची असतात. ते नाव पुसायला मी सायलीला सांगितलं, सायलीने मला. ते अजून तिथेच आहे.