आई जिवंत असलेलं पुस्तक

सायली : पण मी मागितलं होतं का तुमच्याकडे?

रुपाली : नाही गो, मागितलं नव्हतंस. मीच ठेवलं तुझ्या टेबलावर.

सायली : मग घ्या परत.

रुपाली : राहू दे की तिथे. पुस्तक आहे, खायला मागत नाही.

सायली : दहावीची पुस्तकं ठेवायचीयत मला. आणि याला वास येतो.

रुपाली : तो कोकणातला. आमच्याकडे पावसाळ्यात सगळ्यालाच येतो, अंथरुणालासुद्धा. मी दहाएक वर्षं गावच्या वाचनालयात बसत होते, माझ्या नाकाला आता तो कळतच नाही.

सायली : तुम्ही लायब्रेरियन होतात?

रुपाली : पप्पांनी सांगितलं नाही तुला?

सायली : पप्पांनी एवढंच सांगितलं की गुहागरकडच्या आहेत, स्वभावाने शांत आहेत, आणि तू त्यांना आई म्हण.

रुपाली : ते म्हणायचं मनावर घेऊ नको तू. रुपाली म्हटलंस तरी चालेल मला.

सायली : मी काहीच म्हणत नाही.

रुपाली : ते आलंय लक्षात. तुळशीच्या लग्नानंतर मी या घरात आले, तेव्हापासून आपलं 'अहो ऐका'वरच चाललंय.

सायली : पप्पांनी सांगितलं ना तुम्हाला, सायलीशी जरा गप्पा मारत जा म्हणून?

रुपाली : ते कधी सांगणार? सेकंड शिफ्ट करून चाकणहून येतात तेव्हा त्यांना स्वतःशी बोलायचं त्राण नसतं. मला वाटलं म्हणून ठेवलं. दुपारभर तू त्या खोलीत, मी या खोलीत. खालच्या रस्त्यावरच्या डंपरचा आवाज तेवढा सोबतीला.

सायली : मी वाचते. मोबाईलवर वाचते. फँटसी असते, सीरिज असतात. तुम्हाला नाही कळणार.

रुपाली : नसेल कळत. सांगितलंस तर ऐकेन.

सायली : नको. लांब आहे ती स्टोरी.

रुपाली : बरं. हे फार लांब नाही. एक मुलगी असते खाडीवरची. तुझ्याच वयाची. वडिलांची होडी ती एकटी घेऊन जाते, कुणाला न विचारता. मी दरवर्षी मुलांना द्यायचे हे. सातवी-आठवीनंतर मुलं वाचनालयात यायची बंद होतात ना, लहान मुलांचं वाचायची लाज वाटते आणि मोठ्यांचं कळत नाही. त्यांच्यासाठी माझ्याकडे वेगळं कपाट होतं. त्यातली सगळ्यात आवडती तीन मी पेटीत घालून आणली. नेसायच्या साड्या कमी घेतल्या, पण ही आणली.

सायली : एवढं काय त्यात?

रुपाली : ते वाचल्याशिवाय कसं सांगू?

सायली : ठेवा मग तिन्ही टेबलावर. पण वाचेन असं काही नाही.

*

रुपाली : आज शनिवार, क्लास लवकर सुटला वाटतं. हात धू, पोहे करते.

सायली : तुमची तिन्ही पुस्तकं वाचून झाली. सोफ्यावर ठेवलीत.

रुपाली : तिन्ही? कधी गो वाचलीस? मला तर पत्ताच नाही.

सायली : असंच. लाइट बंद करून मोबाईलच्या उजेडात.

रुपाली : डोळे जातील. आणि? कशी वाटली?

सायली : पहिल्यात आई बाळंतपणात जाते. दुसऱ्यात, तो मुलगा सर्कशीच्या गाडीत बसून पळतो त्याच्यात, आई साप चावून जाते. तिसऱ्यात तर लेखकाने कारणसुद्धा दिलं नाही, डायरेक्ट फोटोला हार.

रुपाली : अगं बाई.

सायली : तुमच्या कपाटात सगळ्या आया मेलेल्याच होत्या का?

रुपाली : माझ्या लक्षात नाही आलं, सायली. शपथेवर सांगते. इतक्या वेळा वाचली मी ही, इतक्या मुलांना दिली, पण असं कधी डोळ्यांसमोर आलंच नाही.

सायली : पहिल्याच पानावर आहे ते.

रुपाली : हो, पहिल्याच पानावर आहे. मी त्या पानावर थांबलेच नाही कधी. खरं सांगू का? माझी आई दिवसभर हाका मारायची. रुपाली पाणी आण, रुपाली कोंबड्या कोंड, रुपाली दिवा लाव. पुस्तकातल्या मुलीला कुणी हाकच मारत नव्हतं. ती होडी सोडून निघाली की मला वाटायचं, काय नशीब काढलंय हिने.

सायली : म्हणजे तुम्हाला मजा वाटायची.

रुपाली : तेव्हा वाटायची.

सायली : ती मुलगी होडीत एकटी जाते ना, सेम ते मी पण वाचलं. मला वाटलं, ही परत आली तर किनाऱ्यावर कोण असणार आहे हिचं? वडील दुसऱ्याच्या बोटीवर, लांब समुद्रात. घराला कुलूप. मला पुढची पानं वाचवेनात. तरी वाचली.

रुपाली : चुकलं माझं.

सायली : आणि तिसरं? त्यातली सावत्र आई एकदम चांगली. मुलगी आधी तोडून बोलते, मग तिला ताप येतो, ती बाई तिच्या उशाशी बसते, आणि मग सगळं गोड. ते तुम्ही मुद्दाम दिलंत.

रुपाली : ते मुद्दाम दिलं.

सायली : निदान 'नाही' तरी म्हणायचं.

रुपाली : खोटं कशाला बोलू? पेटी भरताना तेच पहिलं घातलं मी. वाटलं, मला बोलायला जमणार नाही, पुस्तक बोलेल.

सायली : मला ताप येणार नाहीये.

रुपाली : येऊच नये.

सायली : मी कस्तुरामावशीकडे जाणार आहे राहायला. निगडीला. पूर्ण दहावी तिथेच करणार. आईची सख्खी बहीण आहे ती, मला कधीही ये म्हणालीये.

रुपाली : पप्पांना सांगितलंस?

सायली : सांगेन. तुम्ही नका सांगू.

रुपाली : मी नाही सांगत. पण पोहे तरी खाऊन जा.

सायली : आज नाही जातेय मी.

रुपाली : तरी खा.

*

(निगडीचा बस स्टँड, दिवेलागणीची वेळ. सायली बाकावर बसली आहे, मांडीवर कपड्यांची बॅग. रुपाली समोर येऊन थांबते.)

रुपाली : इथे बसलीस होय.

सायली : तुम्ही कशा आलात?

रुपाली : भोसरीपर्यंत एक बस, तिथून दुसरी. मध्ये चुकून उलट्या बाजूच्या थांब्यावर उभी होते. एका बाईने हाताला धरून रस्ता ओलांडून दिला. तुझ्या मावशीचा फोन आला होता, सायली येऊन गेली, घरी निघालीये म्हणाल्या. वाट बघितली. तुझा मोबाईल बंद.

सायली : बॅटरी संपली.

रुपाली : सरक जरा. पाय भरून आलेत माझे.

सायली : पप्पांना कळवलंत?

रुपाली : त्यांचा मोबाईल कंपनीत लॉकरमध्ये असतो. आणि नाही सांगणार म्हटलं होतं ना मी.

सायली : ओरडायचं असेल तर ओरडा. चिठ्ठीपण न ठेवता आले मी.

रुपाली : बसू दे आधी. मावशी काय म्हणाल्या?

सायली : फोनवर सांगितलं नाही तिने?

रुपाली : एवढंच म्हणाल्या, समजूतदार आहे पोर.

सायली : मावशीच्या ओमदादाची बारावी आहे. त्याला वेगळी खोली लागते. त्याची आजी पण आता तिथेच असते. मावशीने शिरा केला, डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, रविवारी येत जा. मी बॅग दारातच ठेवली होती. तिने बघितली ती, पण विचारलं नाही आत काय आहे. मी पण सांगितलं नाही. निघताना तिनेच उचलून हातात दिली.

रुपाली : हं.

सायली : तिचा चेहरा हसताना आईसारखा होतो. फक्त हसताना. मी तेवढ्यासाठी शिरा दुसऱ्यांदा घेतला.

रुपाली : मग इथे किती वेळ बसलीस?

सायली : खूप बस गेल्या. चढायला उठायचे, मग वाटायचं, जाऊन काय करायचं? परत बसायचे.

रुपाली : मला माहितीये ते. मी गॅलरीत उभी राहते ना, तसंच होतं. आत यायचं तर कुणाकडे यायचं?

सायली : तुम्हाला गाव आठवतं?

रुपाली : गाव नाही एवढं आठवत. वडील गेल्यावर घर भावाने घेतलं. वाचनालय आठवतं. तिथे कुणी ना कुणी येऊन विचारायचं, ताई, काय वाचू? इथे आल्यापासून मला कुणी काही विचारलेलं नाही. भाजीवाला विचारतो, कोथिंबीर देऊ का, तेवढंच.

सायली : एकही नव्हतं का तुमच्याकडे? आई जिवंत असलेलं?

रुपाली : त्या दिवसापासून तेच शोधतेय मी डोक्यात. एक होतं. पुराच्या वर्षी खालचा कप्पा बुडाला, त्यात गेलं. पुन्हा कुठे मिळालं नाही.

सायली : त्यात काय होतं?

रुपाली : आई आणि मुलगी. मिठागराजवळ राहतात. आई मिठागरात कामाला. संध्याकाळी घरी येते तेव्हा तिचे पाय घोट्यापर्यंत पांढरे झालेले असतात.

सायली : आणि होतं काय?

रुपाली : काहीच होत नाही गो. म्हणूनच ते कुणी न्यायचं नाही. दोघी भांडतात. पानंच्या पानं.

सायली : कशावरून?

रुपाली : कशावरूनही. वेणी घट्ट घातलीस, भात गिचका केलास, दार आपटलंस. मुलीला वाटतं, ही कधी गप्प बसेल.

सायली : माझी आई चार्जरवरून भांडायची.

रुपाली : चार्जरवरून?

सायली : मोबाईल काढला की मी बटण तसंच ठेवायचे. चालू. ती किचनमधून ओरडायची, सायली, बटण. तिला तिथून दिसायचं पण नाही, तरी कळायचं. मी मुद्दाम नाही बंद करायचे. हॉस्पिटलमधून फोन केला तेव्हापण तेच विचारलं तिने. बटण बंद केलंस का? मी म्हटलं, हो. केलं नव्हतं.

रुपाली : मग?

सायली : मग काही नाही. आता चालूच ठेवते. कुणी काही म्हणत नाही.

रुपाली : मी बंद करते.

सायली : काय?

रुपाली : तू क्लासला गेलीस की. रोज बघते, चालू असतं. बंद करते आणि येते बाहेर. तुला बोलायचा मला हक्क आहे की नाही ते कळत नव्हतं, म्हणून बोलले नाही.

सायली : मला वाटायचं पप्पा करतात.

रुपाली : त्यांना तुझ्या खोलीतलं बटण कुठे आहे तेसुद्धा सांगता यायचं नाही.

सायली : ते खरंय.

रुपाली : डोळे पूस. हा पदर घे, स्वच्छ आहे.

सायली : रडत नाहीये. धूळ आहे इथे.

रुपाली : धूळ आहेच.

सायली : त्या पुस्तकातली मुलगी जाते का कुठे? घर सोडून?

रुपाली : जाते ना. तालुक्याला शाळेला, मामाकडे राहायला. आई एसटीपर्यंत सोडायला येते. मुलीला लाज वाटते तिच्या त्या पायांची, बाकीच्या मुलांसमोर. ती म्हणते, तू जा आता. आई जाते. मग मुलगी खिडकीशी बसते आणि बघते, तर आई गेलेलीच नसते.

सायली : कुठे असते?

रुपाली : सांगते. ती बघ, भोसरीची बस आली. ऊठ, बॅग दे इकडे. गाडी रिकामी आहे, बसायला मिळेल.

सायली : जाऊ दे ही. पुढच्या बसने जाऊ. तुम्ही सांगा.