चिठ्ठीवर अण्णा

स्पृहा : मुनव्वरचाचा, ह्यात वेलदोडा आहे.

मुनव्वर : नानकटाईत वेलदोडा नको, तर काय लसूण घालायचा?

स्पृहा : पण मी नानकटाई दिलीच नव्हती. ज्वारीचं पीठ, मंडईतला लाल भोपळा आणि दाण्याचा कूट. शंकरपाळ्यासारखी चौकोनी कापून, ट्रेमध्ये लावून दिली होती. एकशे साठ डिग्रीला पंचेचाळीस मिनिटं, असंही सांगितलं होतं.

मुनव्वर : आणि मी सांगितलं होतं, बेटा, भट्टीला डिग्री नसते. डिग्री तुला आहे.

स्पृहा : एम.एस्सी. बायोकेमिस्ट्री. माझा डबा कुठाय?

मुनव्वर : ज्याच्या नावाचा, त्याच्या घरी. माझ्या वालिदांच्या काळापासून लोक घरून ट्रे आणतात, आम्ही भाजून देतो. चिठ्ठी असली की चूक नाही. आज तुमच्या सोसायटीचे दोन ट्रे होते. एकावर 'अण्णा' लिहिलेलं, तो अण्णांकडे पाठवला. दुसऱ्यावर काहीच नव्हतं, तो तुला दिला.

स्पृहा : दुसरा अण्णांच्या घरचा होता. सुहासिनीकाकूंचा.

मुनव्वर : हां, त्या चिठ्ठी लावत नाहीत. तीस वर्षं येतायत, म्हणतात मला कोण ओळखत नाही? पण मग तू चिठ्ठी काय लिहिलीस? मला पाठ आहे. 'अण्णा. साखर नाही, मीठ नाही. कडक भाजणे. दिवसाला दोनच.' तुमच्या चेअरमनसाहेबांना शुगर आहे, बीपी आहे. मला वाटलं, पोरगी गुणाची आहे.

स्पृहा : चाचा, अण्णा कुत्रा आहे.

मुनव्वर : असं बोलू नये. कडक आहेत, मान्य. पण वयाने मोठे आहेत.

स्पृहा : अहो, तसं नाही. आमच्या गेटवर एक कुत्रा आहे. त्याचं नाव अण्णा. बिस्किटं त्याची होती.

मुनव्वर : तौबा. हे नाव कुणी ठेवलं?

स्पृहा : वॉचमननी. सर्जेरावांनी. अण्णांना माहीत नाही. आणि आज सहाला सोसायटीची मीटिंग आहे, कुत्र्याला ठेवायचं की हाकलायचं. कमिटीत पाच विरुद्ध पाच झालेत. अकरावं मत अण्णांचं.

मुनव्वर : म्हणजे दोन पायांच्या अण्णांचं.

स्पृहा : मी प्रात्यक्षिक देणार होते. बिस्किट दाखवून 'बस' म्हटलं की तो बसतो. बारा वेळा करून पाहिलं, अकरा वेळा बसला.

मुनव्वर : आणि बाराव्यांदा?

स्पृहा : मांजर आली. तेवढं सोडलं तर निकाल चांगला आहे. पण आता दाखवायला बिस्किटच नाही.

मुनव्वर : माणसाने खाल्लं तर काही होतं का?

स्पृहा : नाही. सगळं आपल्याच स्वयंपाकघरातलं आहे.

मुनव्वर : मग तोंड बंद ठेव. ते बघ, अण्णाच येतायत.

(अण्णा पायरी चढून येतात आणि रिकामा डबा काउंटरवर ठेवतात.)

अण्णा : मुनव्वरभाई, सकाळची वस्तू कुणी केली?

मुनव्वर : का? काही त्रास झाला?

अण्णा : त्रास झाला असता तर दवाखान्यात गेलो असतो. बेकरीत आलोय.

मुनव्वर : ही काय, स्पृहा. हिनेच केली.

अण्णा : तिसऱ्या मजल्यावरची? बरं. चव पुठ्ठ्याची होती.

स्पृहा : हो, मीठ नव्हतं ना.

अण्णा : पण कडक होती. कवळीने फोडली. सात वर्षं घरच्या नानकटाईकडे लांबून बघतोय. डबा यायचा तो पाहुण्यांसाठी. आज पहिल्यांदा डब्यावर माझं नाव होतं. चिठ्ठी ठेवलीय खिशात. 'दिवसाला दोनच.' चौदा खाल्ली.

मुनव्वर : वा.

अण्णा : नियम मोडायची सवय नाही, म्हणून जरा मजा आली. आता खरं सांग, संध्याकाळच्या मीटिंगसाठी ही लाच आहे का? लाच गोड असते, म्हणून शंका आहे.

मुनव्वर : छे हो, शेजारधर्म. आपल्या आठवणीने केली पोरीने.

स्पृहा : चाचा, नको. अण्णा, ती तुमच्यासाठी नव्हती. कुत्र्यासाठी होती.

अण्णा : मग चिठ्ठीवर माझं नाव कशाला?

स्पृहा : तुमचं नाही. त्याचं आहे.

अण्णा : मोती, वाघ्या ही नावं संपली होती?

स्पृहा : सर्जेराव म्हणाले, दिवसभर गेटवर बसतो, येईल त्याला हुंगतो, आणि कुणी पिवळ्या रेषेबाहेर गाडी लावली की ती हलवेपर्यंत भुंकतो. तेव्हा दुसरं नाव त्यांना सुचलंच नाही.

मुनव्वर : अण्णा, पाणी देऊ?

अण्णा : थांबा. रेषेबाहेर किती असेल तर भुंकतो?

स्पृहा : साधारण एक वीत. नीट मोजलेलं नाही.

अण्णा : सहाच्या आत मोज. बी विंगचा सलिल विचारेल. त्याचीच गाडी असते.

स्पृहा : पण बसून दाखवायला बिस्किट?

अण्णा : हे घे. चहाबरोबर खायला एक ठेवलं होतं. आणि आमच्या हिची नानकटाई परत कर. पुरी आहे ना?

स्पृहा : एक खाल्ली. तपासायला.

अण्णा : एक?

स्पृहा : तीन. एकावरून निष्कर्ष काढता येत नाही.

मुनव्वर : मग उद्याच्या भट्टीचं सांगा. डबे दोन, की चिठ्ठ्या दोन? मला परत घोळ नको.

अण्णा : एकच डबा करा. चिठ्ठीवर अण्णाच लिहा. आम्ही वाटून घेऊ.