डोकं खाली, पाय वर

सकाळी अकराला कुपवाडच्या चौकात मी एन्लार्जर घेऊन टेम्पोत बसलो होतो. निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो छापायचं हे यंत्र. नवं परवडेना, म्हणून वर्षभर शोधलं आणि शेवटी एका बंद पडलेल्या स्टुडिओतून भंगाराच्या भावात मिळालं. आनंदात होतो. तेवढ्यात बेकायदा सोनोग्राफी मशीन पकडणाऱ्या पथकानं टेम्पो अडवला.

साहेबांनी विचारलं, "हे कुठं वापरणार?"

"घरी. अंधाऱ्या खोलीत."

"दार?"

"आतून बंद. मध्येच कुणी उघडलं तर सगळं वाया जातं."

साहेबांनी शिपायाकडं पाहिलं. टेम्पोवाला पांडू माझ्या कानाशी लागला, "आवं, जरा कमी बोला की."

साहेबांनी पुढं विचारलं, "यात दिसतं काय?"

"माणसं. डोकं खाली, पाय वर."

पांडूनं कपाळाला हात लावला. "आता झालं बाळंतपण," तो म्हणाला.

यंत्र लेन्ससकट गोणपाटात गुंडाळून सील झालं. मी बातमीदार माणूस, सोडतो काय. रोज त्यांच्या दारात जाऊन भांडलो आणि यंत्र परत मिळवलं. साहेबांच्या समोरच गोणपाट उघडला. लाखेचं सील तोडेपर्यंत शाबूत होतं, आणि आत लेन्स नव्हती.