ल्युसर्नच्या बाकावरचं सँडविच

क्लिअर लेकला जाताय ना, मग आमच्या बाबांचा किस्सा ऐका. आई गेल्यावर बाबांना मी भारतातून इकडे कॅलिफोर्नियात, सांता क्लाराला माझ्याकडे घेऊन आलो, पण ते बोलेनासेच झाले होते यार. म्हणून एका शनिवारी त्यांना ज्वालामुखीच्या पायथ्याशी असलेल्या या क्लिअर लेकभोवतालची गावं दाखवायला नेलं. लेकपोर्टचं जुनं कोर्ट झालं, केल्सीव्हिलच्या पेअरच्या बागा झाल्या. बाबांचं आपलं एकच, "हं. छान आहे."

तळ्याकाठच्याच ल्युसर्न गावात मी कॉफी आणायला गेलो. परत येऊन बघतो तर बाबा काठावरच्या बाकावर एका म्हाताऱ्या अमेरिकन माणसाशेजारी बसलेत, मोडक्या इंग्रजीत गप्पा चालल्यात आणि हातात सँडविच!

गाडीत बसल्यावर विचारलं, "काय म्हणत होते ते?"

"त्यांचीही बायको गेली. दोघं रोज तिथेच जेवायची. सवयीनं अजून दोन सँडविच करून आणतात. एक मला दिलं, मी खाल्लं."

जन्मात अंडंसुद्धा न खाल्लेले आमचे बाबा! मी घाबरतच विचारलं, "बाबा, आत काय होतं?"

"उघडून नाही बघितलं रे," बाबा म्हणाले. "तिच्या वाटचं होतं ते."