वासुदेवानं न घेतलेलं नाव

मंडळी, पुढं सरकून बसा. दाराशी उभे आहेत त्यांनाही आत येऊ द्या. मृदंगवाले बुवा, तुम्ही पाणी प्या. पूर्वरंगात तुम्हाला फार पळवलं मी.

आता आख्यान. पण त्याआधी एक विचारतो. परवा आमच्या ओळखीत एक सोयरीक निघाली. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "मुलगा काय करतो?" मध्यस्थ म्हणाला, "गातो." वडील म्हणाले, "ते झालं हो. पण करतो काय?"

हसलात ना? हसा. पण त्या वडिलांच्या जागी तुम्ही असतात, तर तुम्हीही हेच विचारलं असतं. मीसुद्धा विचारलं असतं — आणि मी तर गाऊनच पोट भरतो!

तर प्रश्न असा. लोहार फाळ देतो, कुंभार मडकं देतो. हातात धरता येतं, वाजवून बघता येतं. गाणारा, नाचणारा, चित्रं काढणारा — हा काय देतो? त्यानं तोंड मिटलं, हात आखडला, तर गावाचं अडतं काय? उत्तर मी देणार नाही, गोष्ट सांगणार आहे. ऐका.

कोळवडी नावाचं गाव. तिथं दाजीबा पाटील. माणूस सरळ, कष्टाळू, स्वतः औत धरणारा. बोलणं मोजकं. त्यांची कारभारीण गिरजाबाई. या दोघांना एकच मुलगा होता, हैबती. नुकतं मिसरूड फुटलेलं, आणि ताप आला. ताप आला तो पोराला घेऊनच गेला.

दिवसकार्य उरकलं, पाहुणे पांगले, आणि दाजीबा घरात येऊन म्हणाले, "आजपासनं ह्या घरात त्याचं नाव निघता कामा न्हाय."

कठोर वाटतात ना पाटील? कठोर नव्हते, मंडळी. काहींचं दुःख डोळ्यांवाटे वाहून जातं, काहींचं दातखीळ बसल्यासारखं आतच बसतं. पण आईनं काय करावं? जे नाव दिवसभर तिच्या तोंडी असायचं — हैबती, जेवाया ये. हैबती, पाय धू — ते नाव आता चुलीपाशीसुद्धा काढायचं नाही. तिनं ते गिळलं.

फक्त एक सकाळ तिची होती. सुगी संपली की गावात वासुदेव यायचा. भिवाजी त्याचं नाव. डोक्यावर मोरपिसांची टोपी, अंगात पायघोळ अंगरखा, हातात टाळ-चिपळ्या, खांद्याला झोळी. नव्या पोरांनी पाहिलाय का वासुदेव? नसेल. त्याची रीत अशी — पहाटे दारात उभं राहायचं, घरच्या बाईनं सूपभर धान्य घालायचं आणि कुणाच्या नावानं देते ते सांगायचं. मग तो गिरकी घेऊन गाणार : दान पावलं खंडेरायाला, दान पावलं तुळजाभवानीला, दान पावलं या घरच्या वाडवडिलांना. आणि शेवटी ते सांगितलेलं नाव.

गिरजाबाई सूप रिकामं करताना हळूच सांगायच्या, "हैबती." आणि भिवाजी ते नाव सगळ्या आळीला ऐकू जाईल असं गायचा.

दाजीबा त्या वेळी ओट्यावर पाठ करून दोर वळत बसलेले असायचे. एकदाही वळून बघितलं नाही. पण एकदाही उठून गेले नाहीत, हेही लक्षात ठेवा.

एका साली पीक बेताचं आलं. चावडीवर माणसं जमली, आणि दाजीबा म्हणाले, "आवंदापासनं धान्य कामाला. जो राबंल त्यालाच. नुसतं गाऊन दाखवणाऱ्याला गावानं काय म्हणून पोसायचं?"

कुणी हरकत घेतली नाही. घेणार कशी? बोलणं हिशेबाला धरून होतं. आता पाटलांच्या मनात फक्त धान्यच होतं, की दरसाल ते नाव कानावर येऊन काळजाला डागण्या बसत होत्या, ते मी कसं सांगू? त्यांना तरी ठाऊक होतं का, कोण जाणे.

भिवाजी आला. पहिल्या दारात बाई म्हणाली, "पुढं व्हा, देवा." दुसऱ्या दारात कडी लागलेली. असा सगळी आळी चालून तो पाटलांच्या ओट्यापाशी आला. दाजीबा म्हणाले, "वासुदेवा, गावाचं ठरलंय. काम कर, धान्य ने. आमचं खळं झाडून दे."

भिवाजी चिडला का? नाही. पोटाला हवं होतं. त्यानं मोरपिसांची टोपी काढून ओट्यावर ठेवली, अंगरखा कमरेला खोचला आणि खराटा घेतला. खळं झाडलं, लख्ख झाडलं. मधे दोनदा कंबर धरून उभा राहिला आणि पुटपुटला, "ह्यापरीस नाचणं बरं." दाजीबांनी सूपभर जोंधळा झोळीत घातला आणि ओट्यावर दोर वळायला बसले. भिवाजीनं टोपी चढवली, "राम राम पाटील" म्हणाला आणि चालायला लागला.

दाराआड गिरजाबाई उभ्या. कान सगळे बाहेर. धान्य पडल्याचा आवाज आला. आता टाळ वाजेल, आता गिरकी घेईल... काहीच नाही. पावलं लांब चालली.

पाटलीणबाई कधी आळीत पाय न टाकणारी. ती पदर सावरत बाहेर धावली. "अवं वासुदेव! नाव? माझ्या लेकाचं नाव राह्यलं की!"

भिवाजी थांबला. बिचारा ओशाळला. "माय, आज कसं घिऊ? पाटलांनी दिली ती मजुरी. मजुरी फिटती. दान पावतं. मजुरीवर नाव न्हाय गाता येत, आमच्यात रीत न्हाय."

मंडळी, शब्द बघा. मजुरी फिटते आणि दान पावतं. फिटलं म्हणजे तुमचं-माझं काही उरलं नाही. पावलं म्हणजे कुठंतरी पोचलं. पाटलांनी फाळ मोजावा तसं गाणं मोजायला घेतलं, आणि मापात धान्य बसलं, पोरगं बाहेर राहिलं.

गिरजाबाई तिथंच रस्त्यावर उभ्या राहिल्या. आणि ओट्यावर दाजीबांच्या हातातला दोर थांबला. एवढी वर्षं पाठ करून बसलेला तो माणूस काय करत होता? दोर वळत होता? नाही हो. वाट बघत होता! बायको वाट बघते हे सगळ्या गावाला दिसत होतं. हा वाट बघतो हे त्याचं त्यालाही आज कळलं, नाव आलं नाही तेव्हा.

उठले. घरात गेले. स्वतःच्या हातानं सूप भरून आणलं आणि रस्त्यात येऊन भिवाजीपुढं धरलं. "हे दान."

"कुणाच्या नावानं, पाटील?"

"ठावं हाय की तुला."

"ठावं हाय. पर देणाऱ्यानं सांगाया लागतं."

पाटलांनी बायकोकडं बघितलं. गिरजाबाईंनी सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण त्या गप्प राहिल्या. कुठून एवढं बळ आणलं बाईनं, देव जाणे.

दाजीबांनी तोंड उघडलं. आवाज फुटेना. ओठ हलतात, गळ्यातली शीर फुगते, आणि शब्द नाही. आता तुम्ही-मी काय केलं असतं? पाठीवर हात ठेवला असता, "राहू द्या पाटील" म्हणालो असतो. भिवाजीनं तसं काही केलं नाही. त्यानं चिपळ्या धरल्या. हळू. गिरकी नाही, काही नाही, नुसतं गाऊ लागला : दान पावलं खंडेरायाला... दान पावलं तुळजाभवानीला... दान पावलं वाडवडिलांना... दान पावलं...

आणि तिथं थांबला. तोंड थांबलं, चिपळ्या चालू. नावाची जागा मोकळी ठेवली. एक फेरा गेला, दुसरा गेला. तो माणूस घाई करीना. आणि त्या मोकळ्या जागेत दाजीबा पाटील म्हणाले, "हैबती. माझा हैबती."

भिवाजीनं ते नाव अलगद उचललं आणि गायलं.

पाटील सूप हातात घेऊन रस्त्यातच खाली बसले आणि पोरासारखे रडले. गिरजाबाई शेजारी बसल्या. त्या दिवशी त्या घरात दुपारपर्यंत हैबतीच्या गोष्टी निघाल्या — बैलाला घाबरायचा, भाकरीचा पापुद्राच आधी खायचा, बापाच्या चालीची नक्कल करायचा. नक्कल करायचा हे बापाला तेव्हा प्रथम कळलं. हसले.

पुढं चावडीनं तो ठराव मोडला की पाळला, मला माहीत नाही. गोष्ट माझ्यापर्यंत एवढीच आली.

आता तुमच्याकडं येतो. गाणं नसलं तर नांगरट अडत नाही, बाजार अडत नाही. अडतं ते माणसाच्या गळ्यात. नुसता शब्द अंगावर येतो, मंडळी. तो पेलायला ठेका लागतो, सूर लागतो, आणि जागा ठेवून थांबणारा कुणी लागतो. कला म्हणतात ती हीच, दुसरी मला तरी ठाऊक नाही.

तुमच्याही घरात असं एखादं नाव असेल. गेलेल्याचं असेल, नाहीतर भांडून दूर गेलेल्या सख्ख्या भावाचं, रागानं टाकलेल्या लेकीचं. आता मी गजर धरतो. मधे एका जागी मी थांबेन, मृदंग थांबणार नाही. ज्याला जे नाव घालायचं असेल ते तिथं घाला, मोठ्यानं घाला. आणि शेजारचा अडखळला, तर त्याच्याकडं बघू नका. टाळी तेवढी सोडू नका.

बुवा, धरा. हळू धरा.