पुढचं बघून ठेवणं

(स्वयंपाकघर. शब्दकोशाचं काम करणारे एक गृहस्थ टेबलावर कागद पसरून बसले आहेत. बायको कपाट लावते आहे. उद्या सकाळी तिला ऑपरेशनसाठी दवाखान्यात भरती व्हायचं आहे.)

तो : ...म्हणून ‘प्रोव्हाइड’पुढे नुसतं ‘पुरवणे’ लिहून भागणार नाही.

ती : साबण खालच्या कप्प्यात आहे.

तो : मूळ लॅटिन. ‘प्रो’ म्हणजे पुढे, ‘विडेरे’ म्हणजे बघणे. पुढचं बघून ठेवणे, हा खरा अर्थ. पुरवणं मागाहून आलं.

ती : त्यात नवीन काय? आपणही म्हणतो की, घराचं कोण बघतं, म्हातारीचं कोण बघतं.

तो : थांब, हे लिहून घेतो.

ती : घ्या. आणि मशीनमध्ये रंगीत कपडे वेगळे टाकायचे. गेल्या वेळी बनियन गुलाबी केलेत.

तो : मी कपडे साठवून ठेवीन. तू आलीस की बघू.

ती : हो. पोट फाडून घेऊन बाई येते ती कपडे धुवायलाच.

तो : तसं नाही म्हणालो. हे तांदूळ किती भरलेस?

ती : असतील थोडे.

तो : दोन्ही डबे काठोकाठ आहेत. साबणाची चळत वरच्या फळीला टेकली आहे.

ती : स्वस्त मिळाले.

तो : आणि स्वेटरला ठिगळ? डोक्यावर पंखा फिरतोय.

ती : सवड होती.

तो : डॉक्टर आठ दिवस म्हणाले.

ती : म्हणाले.

तो : ही वर्षाची बेगमी आहे.

ती : तुम्हीच सांगितलंत ना आत्ता, पुढचं बघून ठेवायचं.

तो : मी शब्दाबद्दल बोलत होतो.

ती : मी तुमच्याबद्दल. समोरचा चमचा दिसत नाही तुम्हाला. ऑपरेशनची भीती वाटतेच, पण तुमचं कसं होईल याची त्याहून जास्त वाटते.

तो : मलाही वाटते.

ती : कसली?

तो : या घरात एकट्याने राहायची.

ती : ...बरं, या इकडे. त्या निळ्या शर्टाचं बटण तुटलंय. कसं लावायचं ते दाखवते.

तो : नको.

ती : पाच मिनिटांचं काम आहे.

तो : गॅस शिकलो, मशीन शिकलो. बटण शिकणार नाही.

ती : मग शर्ट तसाच घालणार?

तो : घालणारच नाही. तू येऊन लाव.