विनिफ्रेडला खाली आणायचंय

— ते ठाऊक आहे मला, साहेब. सराई जुनी आहे, सरकारी यादीत आहे, परवानगीशिवाय खिळा हलवायचा नाही. म्हणून तर बोलावलं. नाहीतर कौन्सिलच्या माणसाला मी बीअर पाजायला बोलावतो होय? वर बघा. अंगणाभोवती सज्जा फिरलाय ना — त्याचा मधला कठडा तेवढा काढायचाय. विनिफ्रेडला खाली आणायचंय. माझी बायको. मंगळवारी गेली. जिन्यानं? चढून बघा एकदा. माणूसच अंग चोरून चढतो, शवपेटी कुठली वळायला! या सराईचा मालक असो की मालकीण, शेवटी सज्ज्यावरून दोरानंच उतरतात. माझा बाप तसाच उतरला, त्याची आईही. कठडा नुसत्या खुंट्यांवर होता, उपसला की हातात. लोखंडी पट्ट्या तुमच्या लोकांनी ठोकल्या, पाहुण्यांची पोरं पडतील म्हणून — बरोबरच आहे, पोरं पडतात.

पुढची विटांची भिंत? मुखवटा आहे तो. मागं सगळं ओकचं लाकूड. टपालाच्या घोडागाड्या थांबायला लागल्या, तेव्हा कुणा मालकाला लंडनसारखं दिसायची हौस आली. आत यायची कमान मात्र बुटकीच ठेवली. गाडीच्या टपावरचे उतारू मान खाली घालायचे — नाही घातली तर टोपी गेली, कधी डोकंही. मग रेल्वे आली, घोडे गेले. विनिफ्रेड म्हणायची, "एमॉस, माझ्यापेक्षा तबेल्याबद्दल जास्त बोलतोस तू." बोलतो. तबेल्याबद्दल बोलायला सोपं असतं.

तुम्ही वर जा. कोपऱ्यातली खोली, दार उघडंच आहे. मी नाही येत — नाही, गुडघे ठणठणीत आहेत. वर गेलोच नाही अजून. डॉक्टर जाऊन आला, पाद्री जाऊन आला, शवपेटीवाला जाऊन आला. मी बार उघडला, बंद केला, परत उघडला. गिऱ्हाइकं टोप्या काढून पितात. बरंय. वर काय बघायचंय? उतरायला लागली की दोर धरीन. दोर मीच धरणार — तो कुणाला देत नाही.

आणि नाही म्हणायचं असेल तर वर जाऊन तिला सांगा. मला नको.

काय? — कठडा काढा म्हणता, परवानगीचा कागद नंतर पाठवणार? बरं. मग उभे काय राहिलात? ती तुमची मोटार कमानीतून काढा. पेटीवाल्याची गाडी रस्त्यावर खोळंबलीय.